तिशी-चाळिशीतला हार्ट अटॅक : पहिल्या तासापासून पुढच्या वर्षांपर्यंत

प्रश्न थोडक्यात असा : धाकट्या भावाला वयाच्या ३४व्या वर्षी हार्ट अटॅक आला. दोनच महिन्यांपूर्वी केलेली स्ट्रेस टेस्ट नॉर्मल होती. छातीत जळजळतंय म्हणून रात्रभर ॲसिडिटीचं औषध घेत राहिला, सकाळी रुग्णालयात नेलं, अँजिओप्लास्टी करून स्टेंट टाकला. आता बरा आहे. इतक्या लहान वयात हे का झालं, योग्य उपचार काय असतात, गोळ्या किती दिवस घ्यायच्या आणि घरातल्या बाकीच्यांनी काय करायचं?

आधी स्ट्रेस टेस्टबद्दल बोलू, कारण या वयातल्या अटॅकचं निम्मं उत्तर तिथेच आहे. ट्रेडमिलवर चालताना ईसीजी बदलतो तो हृदयाची रक्तवाहिनी बरीच, साधारण ७० टक्के किंवा त्याहून जास्त, अरुंद झालेली असेल तर. तरुणांना अटॅक येतो तो मात्र बरेचदा ३० ते ५० टक्केच अडथळा असलेल्या जागी. तिथे वाहिनीच्या भिंतीत चरबीचा मऊ थर साचलेला असतो आणि त्यावर पातळ आवरण असतं. ते आवरण फाटलं की आतला लगदा रक्ताला लागतो, शरीराला ती जखम वाटते आणि ते तिथे रक्ताची गुठळी बांधतं. काल ४० टक्के असलेला अडथळा काही मिनिटांत १०० टक्के होतो. सिगारेट ओढणाऱ्यांत आणि तरुण स्त्रियांत तर कधी कधी आवरण फाटतही नाही. आतलं नाजूक अस्तर खरवडलं जातं आणि तेवढ्यावर गुठळी जमते. म्हणजे भावाची स्ट्रेस टेस्ट चुकली नव्हती. वाहिनी किती अरुंद आहे एवढंच ती सांगते; कुठला थर उद्या फुटेल हे ती सांगू शकत नाही.

दुसरी गोष्ट पर्यायी वाटांची. साठी-सत्तरीच्या माणसात अडथळा वर्षानुवर्षं हळूहळू वाढलेला असतो आणि तेवढ्या काळात शेजारच्या बारीक वाहिन्या रुंदावून त्या भागाला थोडंफार रक्त पुरवू लागतात. तिशीतल्या हृदयाला ती सवड मिळालेलीच नसते. समोरची मुख्य वाहिनी, जिला डॉक्टर एलएडी म्हणतात, अचानक बंद झाली तर स्नायूचा मोठा पट्टा एकदम उपाशी पडतो. वीस-तीस मिनिटांत पेशी मरायला लागतात आणि सहा तासांपर्यंत वाचवण्यासारखं फार थोडं उरतं. रुग्णालयात वेळेवर पोचलेले तरुण वयस्कर रुग्णांपेक्षा जास्त संख्येने वाचतात हे खरं. पण उशीर झाला तर पुढची चाळीस वर्षं दुबळ्या हृदयावर काढावी लागतात, आणि हे नुकसान मृत्यूच्या आकड्यांत दिसत नाही.

कारणांत पहिला नंबर तंबाखूचा, निर्विवाद. चाळिशीच्या आत अटॅक आलेल्यांत सगळ्यात जास्त आढळणारा एकच दोष कुठला म्हणाल तर धूम्रपान. दिवसाला एक-दोन सिगारेटींनीही धोका सिगारेट न ओढणाऱ्यापेक्षा स्पष्ट वाढतो. ‘कमी ओढतो’ हा बचाव हृदयाच्या बाबतीत चालत नाही. त्यानंतर येतात आनुवंशिक चरबीचे दोष, मधुमेह, उच्च रक्तदाब आणि पोटाभोवतीची चरबी. आनुवंशिक दोषांकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं, म्हणून त्यातले दोन नीट समजून घ्या. एक, जन्मजात वाढलेलं एलडीएल, म्हणजे वाहिन्यांत साचणारं वाईट कोलेस्टेरॉल. साधारण दर २५० ते ३०० माणसांत एकाला हा दोष असतो. औषध न घेता एलडीएल १९० मिलिग्रॅमच्या (दर १०० मिलिलिटर रक्तात) वर असेल तर तो आहे असं धरून तपास करायचा. टाचेच्या मागचा स्नायुबंध जाड होणं किंवा पंचेचाळिशीच्या आत बुबुळाभोवती पांढरट कडं दिसणं ही त्याची बाहेरून दिसणारी खूण. दुसरा, लिपोप्रोटीन-ए, म्हणजे एलडीएलसारखाच रक्तातला एक चरबीचा कण. हे नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये मोजलंच जात नाही, वेगळं सांगून तपासावं लागतं. ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर धोका वाढतो, आणि ते बहुतांशी जनुकांवर ठरत असल्यामुळे आयुष्यात एकदा मोजलं तरी पुरतं. सडपातळ, व्यायाम करणारा, निर्व्यसनी तरुण अटॅक घेऊन आला की या दोन तपासण्या राहून गेल्या नाहीत ना, हे आधी बघावं.

शरीर कमावण्यासाठी घेतलेली स्टेरॉइड इंजेक्शनं चांगलं कोलेस्टेरॉल पाडतात, रक्त घट्ट करतात आणि हृदयाची भिंत जाड करतात. कोकेन आणि ॲम्फेटामीनने वाहिनी आवळते आणि गुठळीही होते. ही माहिती रुग्ण घरच्यांसमोर सांगत नाही, म्हणून डॉक्टरांनी ती एकट्यात विचारायला हवी. रुग्णानेही ती लपवू नये. कोकेननंतरच्या दुखण्यात सुरुवातीला बीटा-ब्लॉकर (हृदयाची गती कमी करणारी औषधं) टाळून वेगळी औषधं द्यावी लागतात, म्हणजे उपचारच बदलतो. मानसिक ताणाचं काय, हा प्रश्न हमखास येतो. ताण आणि अपुरी झोप धोका वाढवतात, पण ‘टेन्शनमुळे झालं’ म्हणून फाइल बंद करणं मला धोक्याचं वाटतं, कारण मग मोजता येणारी आणि औषधाने खाली आणता येणारी कारणं शोधायची राहून जातात.

काही कारणं कमी आढळतात, पण याच वयात भेटतात. वाहिनीच्या भिंतीचे थर आपोआप सुटून आत रक्त शिरणं हे त्यातलं मुख्य. ते प्रामुख्याने पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत, विशेषतः बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत होतं. बाळंतिणीच्या छातीतल्या दुखण्याला थकवा किंवा गॅस म्हणून उडवून लावू नये ते यासाठीच. लहानपणी कावासाकी आजार (ताप येऊन रक्तवाहिन्यांना सूज आणणारा) झाला असेल तर वाहिनीवर फुगे राहतात आणि त्यात गुठळी होते. वारंवार गर्भपात किंवा पायाच्या शिरेत गुठळी असा इतिहास असेल तर रक्तात गुठळ्या करणारी अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडं तपासावी लागतात. ती एकदा सापडली तर १२ आठवड्यांनी पुन्हा करून खात्री करायची. आणि व्हायरल तापानंतर हृदयाच्या स्नायूला येणारी सूज तरुणांत हुबेहूब अटॅकसारखी दिसते: तेच दुखणं, तसाच ईसीजी, वाढलेलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन). अँजिओग्राफी स्वच्छ आली तर हृदयाचा एमआरआय करून फरक कळतो. ‘ब्लॉकेज नाही, घरी जा’ इथे तपास थांबवू नये.

आता पहिला तास. दुखणं छातीच्या मधोमध, दाबल्यासारखं, आवळल्यासारखं किंवा जळजळल्यासारखं असतं. हातात, जबड्यात, पाठीत, पोटाच्या वरच्या भागात जातं. सोबत थंड घाम, मळमळ, धाप. स्त्रियांत आणि मधुमेहींत दुखण्यापेक्षा धाप, मळमळ आणि एकाएकी आलेला गळाठा जास्त असू शकतो. ढेकर आल्यावर बरं वाटलं किंवा अँटासिडने आराम पडला म्हणजे दुखणं हृदयाचं नव्हतं असं ठरत नाही. हृदय आणि अन्ननलिका यांच्या संवेदना मेंदूकडे जवळजवळच्या वाटांनी जातात, त्यामुळे माणसाला फरक करता येत नाही. घाम फुटलेली ॲसिडिटी ही ईसीजी होईपर्यंत हृदयच समजा. १५ मिनिटांपेक्षा जास्त टिकलेलं असं दुखणं घरी बसून बघायचं नसतं.

करायचं ते इतकंच. ॲम्ब्युलन्स बोलवा, शक्यतो शॉक देण्याचं यंत्र असलेली. रुग्णाने स्वतः गाडी चालवायची नाही, जिने चढा-उतरायचे नाहीत. ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल आणि सध्या कुठे रक्तस्राव होत नसेल तर ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायला द्या. चावणं महत्त्वाचं, आतड्यात विरघळणारं आवरण असलेली गोळी तशीच गिळली तर परिणाम उशिरा होतो. दुखणं पाठीत चिरत गेल्यासारखं असेल, किंवा तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तर मात्र ॲस्पिरिन देऊ नका; महाधमनी फाटणं किंवा पक्षाघात असू शकतो. जिभेखाली ठेवायची, वाहिन्या सैल करणारी नायट्रेटची गोळी शेजाऱ्याच्या डब्यातून काढून देऊ नका. रक्तदाब आधीच कमी असेल, हृदयाच्या उजव्या बाजूचा अटॅक असेल, किंवा लैंगिक ताठरतेसाठी गेल्या २४ तासांत सिल्डेनाफिल अथवा ४८ तासांत टाडालाफिल घेतलं असेल तर तिने रक्तदाब धोकादायक पातळीवर कोसळतो. तरुण माणूस हे औषध घेत असल्याचं क्वचितच सांगतो. जोरजोरात खोकून अटॅक थांबतो हा फिरणारा संदेश खोटा आहे.

रुग्ण कोसळला, हाक मारून प्रतिसाद नाही, श्वास नाही किंवा आचके दिल्यासारखा आहे, तर हृदय थांबलं आहे. अटॅक म्हणजे रक्तपुरवठा बंद. हृदय थांबणं म्हणजे त्यातून बिघडलेली लय. छातीच्या मध्यावर, हात ताठ ठेवून, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबा आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या. कृत्रिम श्वास द्यायला येत नसेल तर नुसतं दाबत राहिलात तरी चालेल. शॉकचं स्वयंचलित यंत्र जवळ असेल तर लगेच लावा, ते बोलून पुढची पायरी सांगतं. काहीच न करता गेलेल्या प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते.

रुग्णालयात पोचल्यापासून १० मिनिटांत ईसीजी व्हायला हवा. इथे तरुणांच्या बाबतीत तीन चुका होतात. पहिली, एकच ईसीजी नॉर्मल आला म्हणून घरी पाठवणं. सुरुवातीचा ईसीजी साधा असू शकतो. दुखणं चालू असेल तर दर १५ ते ३० मिनिटांनी पुन्हा काढायचा. दुसरी, हृदयाच्या मागच्या भिंतीचा अटॅक सुटणं. ईसीजीच्या नेहमीच्या १२ लीडमध्ये, म्हणजे हृदय वेगवेगळ्या बाजूंनी दाखवणाऱ्या रेघांमध्ये, तो नीट दिसत नाही, पाठीवर व्ही-७ ते व्ही-९ हे जादा लीड लावावे लागतात. तिसरी, ईसीजीच्या रेघेतला एसटी नावाचा भाग वर गेलेला दिसतो, पण ‘या वयात असं असतंच’ म्हणून सोडून देणं. निरोगी तरुणांत तो थोडा वर असतो हे खरं. खरा अटॅक मिनिटागणिक बदलतो, समोरच्या लीडमध्ये उलटा परिणाम दाखवतो आणि एकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, भिंत हालेनाशी होते. ट्रोपोनिनचंही तेच. दुखणं सुरू होऊन तासभरच झाला असेल तर ते नॉर्मल येऊ शकतं. अतिसंवेदनशील तपासणी एक ते तीन तासांनी पुन्हा करायची, जुन्या पद्धतीची सहा तासांनी. दोन आकड्यांमधला फरक महत्त्वाचा. आणि ईसीजीवर अटॅक उघड दिसत असेल तर ट्रोपोनिनच्या रिपोर्टसाठी एक मिनिटही थांबायचं नाही.

वाहिनी पूर्ण बंद असेल तर ती उघडण्याचे दोन मार्ग. निदानापासून १२० मिनिटांच्या आत अँजिओप्लास्टी होणार असेल तर ती उत्तम. ज्या रुग्णालयात कॅथलॅब (अँजिओप्लास्टीची खोली) आहे तिथे लक्ष्य ६० ते ९० मिनिटांचं. मनगटाच्या धमनीतून सुमारे २ मिलिमीटर जाडीची नळी हृदयापर्यंत नेतात, त्यातून केसासारखी तार गुठळीपलीकडे सरकवतात, फुग्याने वाट मोकळी करतात आणि औषध लावलेला स्टेंट बसवतात. आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी १९७७ मध्ये झुरिकला हृदयाच्या वाहिनीची पहिली फुग्याची अँजिओप्लास्टी केली, तो रुग्णही चाळिशीच्या आतलाच होता. तरुणांत गुठळीचा भार मोठा असतो. तिचे कण पुढच्या बारीक वाहिन्यांत जाऊन अडकले तर मोठी वाहिनी उघडूनही स्नायूला रक्त पोचत नाही. अशा वेळी गुठळी वाढू न देणारी जास्तीची औषधं द्यावी लागतात, आणि अडथळा किरकोळच दिसत असेल तर वाहिनीच्या आतून प्रकाशाने चित्रण करून स्टेंट हवाच का हे ठरवता येतं. तिशीत बसवलेला स्टेंट आयुष्यभर आत राहणार असतो, त्यामुळे हा विचार करण्यासारखा आहे. भिंतीचे थर सुटलेल्या वाहिनीत तर रक्तप्रवाह चांगला असेल तर बहुधा स्टेंट टाकतच नाहीत. तार आणि फुग्याने फाट वाढू शकते आणि ती वाहिनी बहुतेकांत काही आठवड्यांत-महिन्यांत आपली आपण भरून येते.

१२० मिनिटांत अँजिओप्लास्टी शक्य नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, दुखणं सुरू झाल्यापासून १२ तासांच्या आत. पहिल्या दोन-तीन तासांत त्याचा फायदा सर्वाधिक. टेनेक्टेप्लेज एकाच झटक्यात देतात : ६० किलोच्या आत ३० मिलिग्रॅम, ६० ते ७० ला ३५, ७० ते ८० ला ४०, ८० ते ९० ला ४५ आणि त्यावर ५०. स्ट्रेप्टोकायनेज १५ लाख युनिट ३० ते ६० मिनिटांत. पूर्वी मेंदूत रक्तस्राव झाला असेल, अलीकडे पक्षाघात किंवा मोठी शस्त्रक्रिया झाली असेल, महाधमनी फाटल्याचा संशय असेल तर देत नाहीत. इंजेक्शन दिलं म्हणजे काम संपलं असं मात्र नाही. ६० ते ९० मिनिटांनी ईसीजीतला वर गेलेला एसटी भाग निम्म्याने उतरला नसेल तर ताबडतोब अँजिओप्लास्टीसाठी हलवायचं. उतरला असेल तरी २ ते २४ तासांत अँजिओग्राफी करायची. दोन्ही मार्गांत ॲस्पिरिनसोबत गुठळी रोखणारी दुसरी गोळी आणि हेपारिन (रक्त गोठू न देणारं इंजेक्शन) लागतं : अँजिओप्लास्टीला टिकाग्रेलॉर १८० किंवा प्रासुग्रेल ६० मिलिग्रॅम, विरघळवणाऱ्या इंजेक्शनसोबत क्लोपिडोग्रेल ३०० मिलिग्रॅम. ऑक्सिजन ९० टक्क्यांच्या खाली असेल तरच द्यावा. सरसकट मास्क लावण्याने फायदा होत नाही.

घरी आल्यावरच्या गोळ्यांकडे वळू, कारण तरुण रुग्ण इथेच घसरतात. तीन महिन्यांत ठणठणीत वाटतं आणि गोळ्या सुटतात. स्टेंटची जाळी सुरुवातीला उघडी असते, तिच्यावर अस्तर यायला महिने लागतात. तोवर दोन गोळ्यांपैकी एक जरी आपल्या मनाने बंद केली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन पहिल्यापेक्षा मोठा अटॅक येऊ शकतो. पहिला महिना सगळ्यात नाजूक. ॲस्पिरिन ७५ ते १०० मिलिग्रॅम कायम, दुसरी गोळी साधारण १२ महिने. दात काढायचा असेल तरी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवायच्या नाहीत. टिकाग्रेलॉरने काहींना उगाच धाप लागल्यासारखं होतं. ते हृदय बिघडल्याचं लक्षणच असेल असं नाही. गोळी सोडू नका, डॉक्टरांना सांगा, बदलून मिळते. क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ॲसिडिटीसाठी ओमेप्राझोल, इसोमेप्राझोल टाळून पॅन्टोप्राझोल घ्या. डोकेदुखी, अंगदुखीला पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक नको.

स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, पहिल्याच दिवशी आणि पूर्ण ताकदीचं, म्हणजे ॲटोर्वास्टॅटिन ४० ते ८० किंवा रोसुवास्टॅटिन २० ते ४० मिलिग्रॅम. एलडीएल निम्म्याहून खाली आणि ५५ मिलिग्रॅमच्या आत आणायचं. ४ ते ६ आठवड्यांनी रक्त तपासून बघा. आकडा खाली आला नसेल तर फक्त डोस दुप्पट करून जेमतेम ६ टक्के आणखी उतरतो. त्यापेक्षा इझेटिमाइब ही कोलेस्टेरॉलची दुसरी गोळी १० मिलिग्रॅम जोडल्यास २० टक्क्यांच्या आसपास उतरतो. तरीही जास्त राहिला तर पीसीएसके-९ गटाची कोलेस्टेरॉलची इंजेक्शनं निम्म्याहून अधिक घट करतात. रिपोर्टवर छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादा निरोगी माणसासाठी असते, अटॅक येऊन गेलेल्यासाठी नाही. ९५ हा आकडा रिपोर्टवर नॉर्मल दिसतो आणि तुमच्या भावासाठी जास्त आहे. कोलेस्टेरॉल उतरलं म्हणून स्टॅटिन बंद करू नका, ते गोळीमुळेच उतरलेलं असतं.

एकोमधला पंपिंगचा आकडा, ईएफ, अटॅकनंतर लगेच कमी दिसतो, कारण वाचलेला स्नायूही काही आठवडे गुंगलेला असतो. ४० टक्के किंवा कमी असेल तर हृदयाची औषधं वाढवत नेऊन सहा ते बारा आठवड्यांनी पुन्हा एको करायचा. तेव्हाही ३५ किंवा त्याखाली असेल तर छातीत बसवायच्या शॉक यंत्राचा विचार होतो. पहिल्या ४० दिवसांत ते सहसा बसवत नाहीत.

चालणं घरी आल्यापासून, दिवसातून दोनदा ५ ते १० मिनिटं, मग आठवड्यागणिक वाढवत ३०-४० मिनिटांपर्यंत. श्वास रोखून जड वजन उचलणं निदान दोन महिने नको, आणि नंतरही स्ट्रेस टेस्ट करूनच. शरीरसंबंधांबद्दल विचारायला संकोच वाटतो, म्हणून सांगून टाकतो : दोन मजले धाप किंवा दुखणं न होता चढता आले तर हरकत नाही. पहिल्या काही महिन्यांत उदासी, झोप उडणं, छातीत जरा टोचलं तरी घाबरणं हे फार जणांना होतं. त्यावर उपचार आहेत आणि ते घेणारे गोळ्याही नियमित घेतात. स्त्रियांनी इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या थांबवून दुसरा उपाय घ्यावा, आणि गर्भधारणेचा विचार असेल तर आधीच डॉक्टरांशी बोलावं, कारण स्टॅटिन आणि रक्तदाब-हृदयासाठीची एसीई गटाची औषधं त्याआधी बदलावी लागतात.

आता घरातले बाकीचे. वडील किंवा भाऊ यांना ५५ च्या आत, आई किंवा बहीण यांना ६५ च्या आत अटॅक आला असेल तर तुमचा धोका वाढलेला धरतात. तुम्हाला भाऊ ३४ चा असताना कळलं, म्हणजे थांबायचं कारण नाही. या महिन्यात रक्तदाब, उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल आणि एकदा लिपोप्रोटीन-ए करून घ्या. भावाला एलडीएलचा जन्मजात दोष असल्याचं निघालं असेल तर आई-वडील, भावंडं आणि मुलं यांच्यात तोच दोष असण्याची शक्यता प्रत्येकी निम्मी. मुलांची तपासणी पाच ते दहा वर्षांच्या दरम्यान करायची, कारण उपचार लवकर सुरू झाले तर त्यांच्या वाहिन्यांत थर साचायलाच वेळ लागतो. लक्षणं नसताना सरसकट अँजिओग्राफी करू नका. सीटी कॅल्शियम स्कोअर (वाहिन्यांत साचलेलं कॅल्शियम मोजणारी तपासणी) चाळिशीच्या आत शून्य आला तरी निर्धास्त होता येत नाही, कारण तरुण वाहिनीतला मऊ थर अजून कॅल्शियम न धरलेला असतो आणि त्या तपासणीत तो दिसत नाही.